मदत हवी आहे: इंजिनच्या चाचणीला समान स्थिती द्यायच्या की झुकत्या?

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितोय. हौसेनं स्वतःचं बुद्धिबळ इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, लिहितो (घरच्यांच्या मते वीजबिल वाढवतो). राजाच्या सुरक्षेचा हिशेब बदलला आणि नवी आवृत्ती जुनीशी खेळवली. मूळ मांडणीतून सोडलं तर दोघी तोच तो डाव खेळतात, म्हणून आठ-आठ खेळ्या झालेल्या १०० ठरावीक स्थिती घेतल्या. प्रत्येक स्थिती दोनदा, मोहरी बदलून. मे महिन्यात दोन रात्री कूलरचं तोंड माझ्याऐवजी मशीनकडे होतं. निकाल: नवी १६ जिंकली, १३ हरली, १७१ बरोबरीत!

मग पांढऱ्याची सरशी असलेल्या स्थिती लावल्या. बरोबऱ्या घटल्या, पण बहुतेक जोड्यांत (एकाच स्थितीचे दोन डाव) जी पांढरी तीच जिंकली, म्हणजे पुन्हा एक-एक. आमच्याकडे खेळायला येणारे काका म्हणतात, "काहून रे, एकाला आधीच झुकतं माप देऊन कसली परीक्षा घेतो?" शिवाय माझ्या यादीत किंग्ज इंडियन या ओपनिंगचा (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या खेळ्यांचा) भरणा आहे, आणि त्यातलं माझ्या इंजिनला ओ की ठो कळत नाही. चूक नेमकी कुठे होतेय?

प्रतिसाद १
काकांना सांगा, न्याय स्थितीत नसतो, जोडीत असतो. स्टॉकफिश या नावाजलेल्या इंजिनची चाचणी मुद्दाम झुकत्या ओपनिंगवरच चालते. टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेतही तीच ओपनिंग दोघांना दोन्ही बाजूंनी खेळावी लागते. पण तुमच्या स्थिती फारच झुकलेल्या दिसतात. जिथे पांढरा जिंकेल की डाव बरोबरीत सुटेल हे सांगता येत नाही, त्या काठावरच्या हव्यात. स्टॉकफिश स्थितीला जो आकडा देतं, त्यात १५.१ आवृत्तीपासून +१.०० म्हणजे जिंकण्याची शक्यता ५० टक्के. त्याच्या आसपासच्या निवडा. आणि डाव मोजू नका, जोड्या मोजा: दोन डावांचे मिळून गुण ०, ½, १, १½, २ असे पाचच निकाल.
१६-१३ वर तर अजिबात जाऊ नका. २९ वेळा नाणं उडवलं तरी पाच-सहाचा फरक सहज पडतो.

प्रतिसाद २
किंग्ज इंडियन काढू नका, फक्त प्रमाणात ठेवा. आपलं इंजिन जिथे पडतं त्या स्थिती वगळल्या तर परीक्षा कसली, लाड झाले.

धागाकर्ता
धन्यवाद दोघांनाही. जुने निकाल जोड्यांनी मोजले. १०० पैकी ७९ जोड्या एक-एक निघाल्या. आज रात्री नवी यादी लावतो, लाइट टिकली तर.