समुद्राच्या मधोमध असलेल्या बेटावर ओढ्यातले मासे आले कुठून?

भटक्या_बंडू:
मंडळी, मागच्या महिन्यात हवाईला जाऊन आलो. तिथल्या बिग आयलंड नावाच्या बेटावर हिलो शहरापासून जवळच अकाका फॉल्स आहे, सरळसोट 135 मीटरचा कडा. तिथे एक जण सांगत होता की धबधब्याच्या वरच्या ओढ्यातही मासे आहेत आणि ते समुद्रातून हा कडा चढून वर जातात. मी म्हटलं टुरिस्ट दिसला की काहीही सोडतात, तर बायको म्हणे तुला चार पायऱ्यांत धाप लागते म्हणून सगळ्यांनाच लागते का.
असो, माझा खरा प्रश्न वेगळाच आहे. हे बेट ज्वालामुखीतून वर आलेलं, कुठल्याच खंडाला कधी चिकटलेलं नाही, जवळचा किनारा साडेतीन हजार किमीच्याही पलीकडे. मग गोड्या पाण्याचा मासा मधला सगळा खारा समुद्र पार करून आला कसा? लहानपणी वाचलेलं की पक्ष्यांच्या पायाला अंडी चिकटून येतात. ते खरं धरायचं का?

टाकीवाले_काका:
चाळीस वर्षं मासे पाळतोय म्हणून लिहितो. पक्ष्यांचं अगदीच खोटं नाही. हंगेरीत बदकांना कार्पची अंडी खायला घालून बघितलंय, 2020 ला छापून आलं, हजारात दोनेक अंडी विष्ठेतून जिवंत बाहेर पडली. पण ते तळ्यातून शेजारच्या तळ्यात जायला ठीक, हवाईपर्यंत उडेस्तोवर बदकाच्या पोटात काय शिल्लक राहणार!
तुझा प्रश्नच उलटा आहे बंडू. हे ओढ्यातले मासे समुद्रात आले नाहीत, समुद्रातले मासे ओढ्यात शिरलेत आणि समुद्राशी नातं त्यांनी अजून तोडलेलं नाही. हवाईच्या ओढ्यांत मूळचे मासे फक्त पाच जातींचे, तिथले लोक त्यांना ओओपू म्हणतात. आपल्या खाडीतली निवटी माहितीये ना, चिखलावर उड्या मारणारी? तिच्याच गोतावळ्यातले. मादी ओढ्यात दगडाला अंडी चिकटवते, नर राखण करतो, पिल्लू फुटलं की डोळ्यालाही धड दिसत नाही एवढं, ते प्रवाहाबरोबर वाहत समुद्रात जातं. थोड्या दिवसांत खारं पाणी मिळालं नाही तर मेलं. मग चार-पाच महिने समुद्रात तरंगायचं, प्रवाह नेईल तिकडे, आणि इंचभर झालं की कुठल्यातरी ओढ्याच्या तोंडाशी यायचं. तो आईबापांचाच ओढा असेल असं काही नाही. बेटं अशीच पादाक्रांत झाली.
आणि चढण्याचं म्हणशील तर त्या माणसाने थाप मारली नाही. यातल्या चढणाऱ्या माशांचे पोटाखालचे पर जोडले जाऊन वाटीसारखा चोषक झालेला असतो. नोपिली नावाच्या जातीची तर कमाल आहे, समुद्रातून आल्यावर दोनेक दिवसांत त्याचं तोंड पुढून खालच्या बाजूला सरकतं, मग एकदा तोंड चिकटव, एकदा पोट चिकटव, असं करत ओल्या खडकावरून सुरवंटासारखा वर. बाकीच्या चढणाऱ्या जाती परांनी झटके मारत मारत चढतात.

शंकासुर_77:
काका सगळं मान्य, पण दर पिढीला सगळी पिल्लं समुद्रात जाऊन मिसळत असतील तर प्रत्येक बेटावर वेगळी जात होणार कशी? सगळी खिचडीच की.

टाकीवाले_काका:
बरोब्बर पकडलंस. म्हणूनच हवाईत बेटागणिक वेगळी जात नाहीये, जनुकं बघितली तर फरक फारसा सापडत नाही. पण गंमत पुढे आहे. काउई बेट जुनं, पन्नासेक लाख वर्षांचं, झिजून ओढ्यांची खालची वाट लांब आणि सपाट झालीये, तिथे अकुपा नावाचा मासा दबा धरून बसतो आणि पिल्लं गिळतो, त्याला स्वतःला चढता येत नाही. बिग आयलंड अजून कोवळं, धबधबे किनाऱ्याला लागूनच, म्हंजे पिल्लू आलं की लगेच चढायला सुरुवात. तर काउईच्या नोपिलींचं अंग जरा रुंद, झटकन निसटायला बरं, आणि बिग आयलंडची सडसडीत, कड्यावर पाण्याचा मार कमी लागावा अशी. खिचडी दरवर्षी नव्याने होते आणि दरवर्षी ओढा नव्याने निवडून घेतो. वेगळ्या जाती बघायच्या तर इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर जा. तिथे मूळची रोहू-कटलाच्या कुळातली एकही जात नाही, पण समुद्राकडून आलेले मासे तळ्यांत अडकले आणि समुद्राची वाट बंद झाली. माटानो तळं 590 मीटर खोल, तिथले टेल्माथेरिना नावाचे मासे जगात दुसरीकडे कुठे नाहीत. आता त्यात कोणीतरी फ्लॉवरहॉर्न मासा सोडलाय! आपल्याकडे नशीब उघडावं म्हणून काचेत ठेवतात तोच. तो त्यांच्या मुळावर उठलाय.

दूरदेशी_मॉरिशस:
आमच्या शेजारच्या रियुनियन बेटावर याच कुळातल्या माशांची पिल्लं खातात, बिशिक म्हणतात. नदीच्या मुखाशी शंकूसारख्या टोपल्या लावून धरतात, कांदा टोमॅटो आलं लसूण हळद घालून कालवण आणि भात. मी एकदाच खाल्लीत, ताटात शेवयांसारखी दिसतात, नीट बघितलं की प्रत्येकीला डोळे. महाग भयंकर. त्यातली एक जात इथपासून थेट फ्रेंच पॉलिनेशियापर्यंत सापडते म्हणे, म्हंजे हिंदी महासागर आणि प्रशांत दोन्ही पालथे. काकांचं वाचून आत्ता कळलं कसं ते.

खाडीकाठची_माई:
आमच्या खाडीतल्या कालुंदर माशाबद्दल कोणीच का बोलत नाही? मुलाने सांगितलेलं की त्याचे सख्खे नातेवाईक मादागास्करला आहेत. तोपण समुद्रातून गेला का?

टाकीवाले_काका:
माई, मुलगा बरोबर सांगतोय, कालुंदराचे सगळ्यात जवळचे भाऊबंद मादागास्करचेच, पॅरेट्रोप्लस नावाचे मासे. भारत आणि मादागास्कर एकाच तुकड्यात होते, साधारण 8.8 कोटी वर्षांपूर्वी फाटले, तर जुनं मत असं की मासे पोहत गेलेच नाहीत, जमीनच सरकली. पण काही अभ्यासकांचं गणित सांगतं की हे अख्खं कुळच त्यापेक्षा तरुण आहे, मग समुद्रातून जाण्यावाचून पर्याय उरत नाही. भांडण चालू आहे. कालुंदर खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात मजेत राहतो हे तुम्हाला कोणी पुस्तकातून सांगायला नको, त्यामुळे मी दुसऱ्या बाजूला थोडा झुकलेलो आहे.

भटक्या_बंडू:
काका दंडवत. एकच राहिलं, आम्ही फिरलो तिथे बरेच ओढे कोरडे ठणठणीत दिसले. त्यातले मासे?

टाकीवाले_काका:
बेटाची एक बाजू मुळातच कोरडी आहे, तिथे पावसापुरतंच पाणी. पण बाकी बऱ्याच ठिकाणी ऊस रे बाबा. मळेवाल्यांनी ओढ्यांचं पाणी पाट काढून वळवलं. हवाईतला शेवटचा साखर कारखाना 2016 ला बंद झाला, त्यानंतर हवाईतल्याच माउई बेटावर काही ओढ्यांना पाणी परत सोडलंय. मासा कुठून आणायचा ही चिंता नाही, पिल्लं समुद्रात आहेतच, फक्त ओढ्याचं तोंड समुद्राला लागलेलं पाहिजे.