लहानपणी तुम्ही कोणासारखं व्हायचं ठरवलं होतं?

काल लेकीला हाक मारली तर मान वर न करता म्हणाली, "ऐकतेय गं, बोल." शब्द माझे, सूर माझा, हातातला मोबाइलही माझाच! आणि एकदम गणिताच्या बाई आठवल्या. ८ माणसांचं ६ दिवसांचं काम १२ माणसांना ९ दिवस, असं फळ्यावर लिहून मोकळ्या झाल्या. मागच्या बाकावरून आवाज, "बाई, माणसं वाढल्यावर काम लांबलं कसं?" वर्ग चिडीचूप. बाईंनी डस्टरही शोधला नाही, तळहातानेच ९ पुसला. "चुकलं माझं. बरं झालं विचारलंस." तास संपेपर्यंत तो हात पांढराच होता. तुमचंही कोणी असेल तर लिहा.

रातकिडा: मोठा भाऊ. सिगारेट सोडायला चारदा बसला. लपवाछपवी नाही, "काल परत ओढली रे" असं सरळ सांगायचा. मी धरलीच नाही.

उगाच एक: पोराने निबंधात लिहिलं, माझे बाबा कधीच हार मानत नाहीत. रिमोट शोधण्याबद्दल होतं ते.

चष्मिष: लेकीचं नवल नाही. मानसशास्त्रज्ञ बांडुरा यांचा १९६१चा प्रयोग बघा. ७२ लहान मुलं. काहींसमोर मोठ्या माणसाने फुगवलेल्या बाहुलीला हातोडीने बडवलं. नंतर त्यातल्या बऱ्याच पोरांनी तस्संच केलं, तोंडी शब्दही तेच. कोणी शिकवलं नव्हतं.

उगाच एक: त्यातली दोन आमच्याकडे राहतात 😀

धांदरट: माझं जरा उलटं. आमचे कोच खेळात एक नंबर, पण कच्च्या पोरांना सगळ्यांसमोर टाकून बोलायचे. मला ते देव वाटायचे. पुढे एका ज्युनियरला मी त्यांच्याच वाक्यांत झापलं, तो बूट हातात घेऊन अनवाणीच निघून गेला. माफी मागायला दोन वर्षं लावली मी. खेळ बघून माणूस डोक्यावर घेऊ नये एवढं कळलं. असो, कुकर झाला, आले.

रातकिडा: @धांदरट मागितलीस ना, झालं तर मग.

पानगळ: अवांतर, पण लेकीची उद्या परीक्षा आहे. ते १२ माणसांचं खरं उत्तर किती?

धागाकर्ती: ४. व्यस्त प्रमाण. माणसं वाढली की दिवस कमी.

उगाच एक: आमच्या ऑफिसात बाईंचं पहिलं उत्तरच बरोबर आहे.