स्क्वॉशच्या कोर्टवर रॅकेटबॉल खेळता येईल का? नियम आणि सेफ्टीबद्दल सांगा

गंगापूररोडची_ताई
नमस्कार मंडळी, माझे दीर टेक्ससहून आले होते, ते जाताना रॅकेटबॉलच्या दोन रॅकेटी आणि निळ्या बॉलचा एक डबा इथेच ठेवून गेलेत. आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये स्क्वॉशचं कोर्ट आहे, एरवी कुलूपच असतं. आता आठवीतला लेक आणि त्याचा मित्र मागे लागलेत की तिथे खेळू द्या. मी बॅडमिंटन खेळलेय, पण तिथे मध्ये नेट असतं, समोरचा आपल्या अंगावर येत नाही. हे दोघं एकाच खोलीत कोंडून रॅकेट फिरवणार म्हटल्यावर धाकधूक वाटते. बेसिक नियम काय आणि लागण्याची भीती कितपत?

सिडको_स्मॅश
ताई चालतं, फक्त थोडं जुळवून घ्यावं लागेल. रॅकेटबॉलचं खरं कोर्ट ४० फूट लांब, २० फूट रुंद आणि २० फूट उंच असतं, स्क्वॉशचं ३२ बाय २१, म्हणजे लांबीत ८ फूट कमी, त्यामुळे तो निळा बॉल फार उसळल्यासारखा वाटेल. इंग्लंडमध्ये स्क्वॉश कोर्टवरच असा खेळ खेळतात, स्क्वॉश ५७ नावाने, ५७ म्हणजे बॉलचा व्यास मिलिमीटरमध्ये, त्यांचा बॉल जरा कमी उसळतो. मिळाला तर तोच आणा.

नियम सोपे आहेत. सर्व्हिस करताना बॉल एकदा जमिनीवर टप्पा देऊन मारायचा, तो आधी समोरच्याच भिंतीला लागला पाहिजे आणि परत येताना शॉर्ट लाइनच्या, म्हणजे जमिनीवरच्या मधल्या आडव्या रेघेच्या, मागे पडला पाहिजे. मध्ये एक बाजूची भिंत लागली तर चालते, दोन लागल्या किंवा टप्पा न पडता थेट मागच्या भिंतीवर गेला तर फॉल्ट. त्यानंतर दोघांनी आळीपाळीने मारायचं, दुसरा टप्पा पडायच्या आत, आणि बॉल जमिनीला न लागता समोरच्या भिंतीपर्यंत पोचला पाहिजे, जाताना बाजूची, मागची, कुठलीही भिंत घेतली तरी हरकत नाही. खऱ्या रॅकेटबॉलमध्ये छत पण चालतं. तुमच्याकडे वर लाइट असणार, तेव्हा छत आणि वरची लाल आउट लाइन म्हणजे आउट आणि समोरच्या भिंतीच्या तळाशी असलेला पत्रा वाजला की आउट असं आधीच ठरवून टाका. पारंपरिक गेम १५ चा, सर्व्हिस करणाऱ्यालाच पॉइंट मिळतो, १-१ झालं की तिसरा ११ चा.

चष्मेवाला_द्वारका
वर सगळं बरोबर आहे पण ताईंनी विचारलंय लागण्याचं, म्हणून मी दुकानात जे सांगतो तेच इथे लिहितो. डोळा!! गुडघा खरचटतो, पाठीवर बॉलचा वळ उठतो, ते बरं होतं. बॉल रबराचा आणि आतून पोकळ असतो, जोरात आदळला की दबतो आणि खोबणीत आत घुसतो, त्यामुळे डोळ्याच्या आत रक्त साठू शकतं, पडदा सुटू शकतो, आणि मोठे खेळाडू हा बॉल ताशी २४० किमीच्या वर मारतात. मुलं तेवढं नाही मारणार, पण डोळ्याला इजा व्हायला तेवढा वेग लागतही नाही. नंबरचा साधा चष्मा घालून अजिबात खेळू देऊ नका, काच फुटली तर ती डोळ्यातच जाते. नुसती फ्रेम असलेले, लेन्स नसलेले गार्ड पण नकोत, दबलेला बॉल त्या फटीतून आत येतो. पॉलिकार्बोनेट लेन्सचे स्पोर्ट्स गॉगल घ्या, एएसटीएम एफ८०३ (खेळाच्या संरक्षक चष्म्यांचं अमेरिकन मानक) छापलेलं असेल तर उत्तम, नंबर असेल तर त्यात नंबर बसवून मिळतो. आणि ते कोर्टच्या दारात पाऊल टाकायच्या आधी चढवायचे, वॉर्मअपला पण, कारण वॉर्मअपमध्येच लक्ष इकडेतिकडे असतं.

पंचवटी_लेफ्टी
चष्मेवाले दादांना पूर्ण अनुमोदन. आता त्याहून महत्त्वाचं म्हणजे हात आवरणं, हे मुलांना पहिल्याच दिवशी शिकवा. समजा बॉल मागच्या भिंतीवरून उसळून पुढे येतोय, तुमचा लेक मारायला वळलाय आणि मित्र त्याच्या आणि समोरच्या भिंतीच्या मध्ये किंवा अगदी रॅकेटच्या टप्प्यात उभा आहे. मारायचंच नाही. रॅकेट थांबवायची, "थांब" म्हणायचं, रॅली परत खेळायची, पॉइंट कुणालाच नाही. हे नियमातच बसतं, त्याला हिंडर म्हणतात. मुद्दाम वाट अडवली असेल तर मात्र अडवणारा रॅली हरतो. मी शिकवतो तिथे पोरांनी हात आवरला की मोठ्याने शाबास म्हणतो, किल शॉटला (समोरच्या भिंतीवर अगदी खाली मारलेला, परतवता न येणारा फटका) पण इतकं म्हणत नाही, कारण चुरशीत पॉइंट सोडून देणं पोरांना खरंच जड जातं.

अजून एक, समोर उभा असलेल्याने मागे पूर्ण चेहरा वळवून बघायचं नाही, मान थोडी तिरकी करून खांद्यावरून बघायचं आणि मारून झालं की बाजूला सरकून वाट द्यायची. रॅकेटला खाली दोरी असते ती मनगटात अडकवलीच पाहिजे, घामाने मूठ सुटली की रॅकेट सरळ उडते. दिरांच्या रॅकेटींना असेलच, तुटली असेल तर आधी बदला.

गंगापूररोडची_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार, दोरी बघितली, एकीची उसवलीय. गॉगल दोघांसाठी आणते, मित्राच्या आईशी पण बोलते. शेजारचा तिसरा मुलगा पण येतो म्हणतोय, तिघं खेळू शकतात का? आणि शूज बॅडमिंटनचेच चालतील ना?

पंचवटी_लेफ्टी
तिघांचा प्रकार आहे, एक विरुद्ध दोघं, पण एवढ्यात नको ताई. आधी दोघांना एकमेकांच्या हालचालींची सवय होऊ दे, तिसऱ्याला बाहेर बसून पॉइंट मोजू द्या, आळीपाळीने आत जातील. बॅडमिंटनचे नॉन-मार्किंग शूज उत्तम, फक्त रस्त्यावरून घालून येऊ नका, तळाला धूळ असली की लाकडावर पाय सटकतो.

सिडको_स्मॅश
आणि पावसाळ्यात आत जाण्याआधी फरशी हाताने चाचपा. बंद कोर्टमध्ये दमट हवेत भिंती आणि जमीन ओलसर होते, वरून दिसत नाही, ओल लागली तर त्या दिवशी खेळायचंच नाही. दाराचं पण सांगून ठेवा, रॅली चालू असताना बाहेरच्याने दार ढकलायचं नाही, ठोठावून थांबायचं, आणि आतल्यांनी दार नीट लावल्याशिवाय सर्व्हिस करायची नाही.