बाहेर काढलं म्हणजे वाचवलं का?

आगीत-पुरात किती जण वाचवले याची नोंद कशी ठेवावी, या चर्चेत एकांनी लिहिलंय की बचाव पथकाच्या जवानांनी बाहेर आणलेला प्रत्येक माणूस ‘वाचवलेला’ धरावा. मला नाही पटत. ज्याला स्वतःच्या पायांनी जिना उतरता आला असता त्याला सोबत करणं हे मोलाचंच काम, पण धुराने भरलेल्या खोलीत बेशुद्ध पडलेल्याची गोष्ट वेगळी. कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावत असतो. उभ्याने काही दिसत नाही, म्हणून जवान भिंतीला हात लावून रांगत शोधतो. आत शिरताच आधी दार लोटून घेतो, तेवढीच आग थोपते. तिथे मिनिटांवर जीव असतो.

आपल्या सांगलीत २०१९ च्या पुरात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट! अशा वेळी गच्चीवरचा धडधाकट तरुण आणि तळमजल्यावर खाटेला खिळलेली आजी एकाच बोटीतून येतात आणि नोंदीत दोघांचा आकडा सारखाच पडतो. हे मला फार खटकतं.

आणि बोटीत बसवलं म्हणजेही झालं नाही. त्याच पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावात गावकऱ्यांना बाहेर नेणारी बोटच उलटली, माणसं गेली. म्हणून कोरड्या जमिनीवर पाय टेकेपर्यंत कुणालाच मोजू नये, आणि नोंदीत एवढं तरी लिहावं: माणूस शुद्धीवर होता का, चालू शकत होता का, पाणी कुठवर आलं होतं, अंगात लाइफ जॅकेट होतं का.