ड्यूटी संपली पण अंगातून गेली नाही: तुमचे अनुभव

निशिगंध_पुणे
आज सकाळी गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे सिलेंडर उतरवत होते. तिरका धरून कडेवर गोल फिरवत नेतात ना, फरशीवर खडखड, तो आवाज. मी भाजी घेत होते, हात एकदम गार पडले, घशाला कोरड, सुट्टे न घेताच निघाले, भाजीवाली मागून हाका मारतेय. एप्रिल २०२१ मध्ये रात्री आमच्या कॉरिडॉरमधून वॉर्डबॉय मामा लोक असेच ऑक्सिजनचे जम्बो सिलेंडर पळवायचे, आवाज आला की समजायचं कुठल्यातरी बेडचं प्रेशर पडलंय. आता माझी ड्यूटी डायलिसिस विभागात आहे, काम आवडतं, तरी हे होतं. घरचे म्हणतात विसर आता. नर्स, डॉक्टर, लॅबवाले, मावशी-मामा, आशाताई, १०८ वाले, सगळ्यांनी लिहा. कशाने होतं आणि कशाने बरं वाटलं. कोरोनाचंच हवं असं नाही.

कृष्णाकाठ
पिवळ्या धातूचे मंगळसूत्र एक, काळे मणी, वाट्या दोन. कोविड वॉर्डात बाई गेली की तिच्या अंगावरचं काढून असं लिहायचे रजिस्टरला, सोनं लिहायचं नसतं. ग्लोव्हजचे दोन थर, मंगळसूत्राची आकडी सुटायची नाही, आणि बाहेर नवरा उभा, पाकीट देऊन सही घ्यायची. परवा नणंदेच्या मुलीसाठी सराफाकडे गेलो तर मला पेढीत उभंच राहवेना, बाहेर येऊन बसले. सासूबाईंना वाटलं खर्चावरून रुसले. अजून सांगितलं नाहीये त्यांना.

सुगरण_माहेर
पोळ्या करतेय, रात्री लिहिते. कृष्णाकाठ ताई, सांगा हो सासूबाईंना. बायकांना मंगळसूत्राचं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मॅनिफोल्ड_दादा
ऑक्सिजन रूमवाल्यांना कुणी विचारत नाही म्हणून लिहितो. नाशिकला २१ एप्रिलला टाकी गळली, वीसच्या वर माणसं गेली, ती बातमी आली तेव्हा मी दुसऱ्या जिल्ह्यात आमच्या मॅनिफोल्डसमोरच बसलेलो, म्हणजे सिलेंडर जोडून वॉर्डांना ऑक्सिजन सोडतात तिथं. त्या दिवसापासून प्रेशरच्या काट्यावरची नजर हटेना, जेवायला उठलो तरी परत जाऊन बघायचं. लाट ओसरली पण घरी रात्री उठून गॅसचा रेग्युलेटर बघायची सवय राहिली, बघितला, झोपलो, परत उठलो. बायको चिडली नाही, बरोबर उठायची, म्हणायची बघितलं ना, चला. मग काउन्सेलर मॅडमनी सांगितलं एकदाच बघायचं आणि मग जी तगमग होते ती तशीच बसून होऊ द्यायची, ती चढते आणि आपोआप उतरते. पहिले काही दिवस घाम फुटायचा. आता एकदाच बघतो.

रात्रपाळी
कोरोना नाही माझं. कॅज्युअल्टीत पेशंट गेला म्हणून नातेवाईकांनी मला धरून मारलं. हॉस्पिटलने वर सांगितलं प्रकरण वाढवू नका. तेव्हापासून दाराकडे पाठ करून बसता येत नाही, हॉटेलात पण भिंतीकडची खुर्ची लागते. मोठ्याने बोलणारा माणूस आला की डोकं बंद, डोस सुद्धा दोनदा वाचावा लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर मुलीवरच्या अत्याचाराची आणि खुनाची बातमी आली तेव्हा आम्ही पोरी ड्यूटीरूममध्ये कडी लावून बसून होतो, कुणी झोपलं नाही. आणि वरचे म्हणतात रेझिडेंट्स नाजूक झालेत. नाजूक?? छत्तीस तास उभं राहून दाखवा मग बोला.

सदाफुली
@रात्रपाळी मिठी. जेवलीस का गं?

रात्रपाळी
पोहे खाल्ले मेसचे. गार.

मनोविकार_मिरज
दोन ओपीडींच्या मध्ये लिहितोय, तुटक होईल. वर जे सगळ्यांनी लिहिलंय त्याला वेड म्हणत नाहीत आणि कमकुवतपणा तर नाहीच. धोका असताना शरीराने जे आवाज, वास, वस्तू टिपून ठेवल्या त्या परत आल्या की शरीर आधी पळायची तयारी करतं, मग मेंदूला कळतं की आपण भाजी घेतोय. आठवण उसळून येणं, त्या जागा टाळणं, सतत सावध असणं, आणि चौथं लोक विसरतात ते म्हणजे काहीच न वाटणं. महिन्याच्या वर राहिलं आणि कामात, झोपेत, घरात अडथळा येत असेल तर पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, आहे का ते तपासून घ्यावं. कामाचा भाग म्हणून असे प्रसंग पुन्हा पुन्हा समोर येणं, हेही कारण म्हणून निदानाच्या निकषांत २०१३ पासून स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे 'तुला कुठं काय झालं, पेशंटला झालं' हे वाक्य आता बंद करा.
अजून एक. बेड एक आणि माणसं दोन, अशा वेळी निवड करावी लागली त्याची जी सल राहते ती भीतीपेक्षा वेगळी. सैनिकांवरच्या कामातून 'मॉरल इंजुरी', म्हणजे सदसद्विवेकाला झालेली जखम, हा शब्द आला. तिथे 'घाबरू नकोस' म्हणून भागत नाही, जे घडलं ते सविस्तर बोलावं लागतं, शक्यतो तिथे असलेल्या माणसांशी.
उपचार आहेत. ट्रॉमासाठीची सीबीटी (विचार आणि वागण्यावर बोलून काम करणारी थेरपी), ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणींवर काम करणारी), गरज पडली तर गोळ्या. पण सगळ्यांना एकदाच हॉलमध्ये बसवून जबरदस्ती बोलायला लावायचं, त्याने उपयोग होतो असं दिसलेलं नाही. आणि हात जोडून सांगतो, वॉर्डात हाताशी असतात म्हणून अल्प्राझोलमच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. झोप लागते, पण सवयही लागते. टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. पेशंट आला, येतो.

खिडकीपाशी
मी मेडिकलमधली नाही, नवरा १०८ वर डॉक्टर आहे. हायवेचा ॲक्सिडेंट झाला की घरी येऊन बोलतच नाही, टीव्ही लावतो आणि बघत नाही. पोरगी मांडीवर चढली तरी हात फिरत नाही तिच्यावरून. विचारलं तर 'काही नाही'. काय करू?

मॅनिफोल्ड_दादा
वहिनी दारात काय झालं विचारू नका. आंघोळ, जेवण होऊ द्या. मग दोघंच चालायला जा, समोरासमोर बसलं की बोलवत नाही, चालताना निघतं तोंडातून.

खिडकीपाशी
बघते दादा. आमच्याकडे गुडघाभर चिखल आहे सध्या, गच्चीवर चालतो.

आशा_भुदरगड
कोरोनात माझे कुटुंब माझी जबाबदारी चा सर्वे करताना एका घरात म्हणाले हिच्यामुळंच गावात आलं, आणि म्हातारीनं दारातनं पाणी ओतलं माझ्या पायावर. ऑक्सिमीटर हातात, ताप बघायचं ते गन हातात, तशीच पुढच्या घरी गेले. त्या घरावरनं अजून जात नाही, मागच्या बांधावरनं जाते, पावसात पण. आणि आता तिथली सून पोटुशी हाय, तपासणीला न्यायला मलाच लागतंय. छातीत धडधड होतंय नुसतं नाव यादीत बघितलं तरी. आमाला कोण विचारणार ताई, मानधनासाठी संप केला तवा कुठं बातमी आली.

कृष्णाकाठ
आशाताई एकट्या जाऊ नका. उपकेंद्राच्या सिस्टरना बरोबर घ्या. आणि बोलणं त्यांना करू दे पहिल्यांदा.

आशा_भुदरगड
होय सिस्टर चांगल्या हायत. उद्या इचारते.

सदाफुली
निशिगंध, तू बी विंगला होतीस का? रात्री तीनला मीठ-साखर-लिंबू बाटलीत घालून आणणाऱ्या मावशी आठवतात?

निशिगंध_पुणे
हो!!! डॉफिंगच्या, म्हणजे पीपीई किट काढायच्या खोलीच्या, दाराशी उभ्या असायच्या. तू कोण?

सदाफुली
सहा नंबर क्युबिकल, उंच, किटवर मोर काढायचे ती. मावशींचा नंबर आहे माझ्याकडे, हडपसरला असतात. त्यांनाही रात्री जाग येते म्हणाल्या.

निशिगंध_पुणे
रविवारी मला ऑफ आहे. जाऊया का त्यांच्याकडे? डॉक्टर, तो नंबर मावशींनाही चालेल ना, की फक्त स्टाफसाठी?

मनोविकार_मिरज
कुणालाही चालतो. पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसून तुम्हीच लावून द्या.