‘कामावरून बसवलं’ म्हणजे नोकरी गेली का?

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव)

आमच्या इथल्या एका फौंड्रीच्या गेटवर ले-ऑफची नोटीस लागलीय, कन्नड आणि इंग्रजीत. त्यावरून कुणीतरी ‘कामगार कपात होणार’ असा मराठी मेसेज फिरवला. तो वाचून मोल्डिंगमधल्या एकाच्या बायकोनं चंदगडला सासऱ्यांना रडत फोन केला, की ह्यांची नोकरी गेली. खरं तर ऑर्डर नसल्यामुळं काही आठवडे काम मिळणार नाही, एवढंच. कपात हा शब्द इथं चालतो का? मराठीत नोटीस करून लावायची तर काय लिहावं?

उत्तर (टिळकवाडी)

कपात नको. कपात झाली की माणसाचं नाव हजेरीपटावरून निघतं. ले-ऑफमध्ये नाव तिथंच राहतं. मालक काम देऊ शकत नाही, कारण कच्चा माल नाही, वीज नाही, मशीन मोडलं किंवा तयार माल पडून आहे. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून दोन्हींचे पैसेही वेगळे. पन्नास किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात, वर्षभर नोकरी झालेल्याला ले-ऑफच्या दिवसांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जे होतं त्याच्या 50 टक्के मिळायला हवेत. कपातीत एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागं 15 दिवसांचा सरासरी पगार. 2020च्या औद्योगिक संबंध संहितेनंही हा फरक ठेवलाय. तेव्हा शब्द चुकला तर माणूस आपले पैसे मागायलाही जाणार नाही.

घोळ वाढलाय तो पेपरांमुळं. ‘आयटी कंपनीत ले-ऑफ’ अशी बातमी येते तेव्हा ती लोकं कायमची गेलेली असतात. त्यामुळं पोरांच्या डोक्यात ले-ऑफ म्हणजेच हकालपट्टी बसलीय. टाळेबंदीचंही तेच. कारखान्यात टाळेबंदी म्हणजे मालकानं वादापोटी गेटला लावलेलं कुलूप. 2020च्या लॉकडाऊनला पेपरांनी तोच शब्द दिला आणि कामगारांचा चांगला नेमका शब्द सैल झाला.

मला वाटतं, मराठीत ही सगळी हकीकत नामात नसतेच, क्रियापदात असते. नोकरी गेली: कुणाचा दोष ते सांगितलेलं नाही. सोडली: त्याची त्यानं. घालवली: हे घरचे म्हणतात, आणि त्यात दारूचा नाहीतर भांडणाचा इशारा असतो. सुटली: हे अब्रू सांभाळणारं क्रियापद. काढलं की सोडली, हे विचारू नका असं त्यातच येतं, आणि विचारणारा शहाणा असेल तर विचारतही नाही. कामावरून कमी केलं: हे मालकाच्या तोंडचं सौम्य बोलणं, बाहेर काढलेल्या माणसाला ते सौम्य वाटत नाही. नारळ दिला, डच्चू दिला हे क्रिकेट संघाला आणि मंत्रिमंडळाला ठीक आहे. ज्याची चूल अडलीय त्याच्याबद्दल ते लिहू नये.

तात्पुरत्यासाठी आपल्याकडं ‘बसवलं’ आहे. ‘काम नाही म्हणून बसवलंय.’ तेच घ्या.

उत्तर (वडगाव)

साहेब, नुसतं ‘बसवलं’ मला पटत नाही. निवडणुकीत ‘घरी बसवलं’ म्हणजे कायमचंच. वेळ जोडल्याशिवाय तो शब्द उभा राहत नाही.

आम्ही मागवाले. आमच्यात माणूस बसत नाही, माग थांबून उभे राहतात. ‘माग उभे आहेत’ म्हटलं की समजायचं. बीम, म्हणजे मागावरचा सुताचा रूळ, उतरलं, व्यापाऱ्यानं नवं सूत दिलं नाही, तर नवं बीम चढत नाही. मागाखाली कापसाची धूळ तशीच, आणि आवाज बंद. बाहेरून जाणाऱ्यालासुद्धा कळतं या गल्लीत काम नाही. मजुरी कापडावर असल्यामुळं 50 टक्के कशाचे, हा प्रश्नच आमच्याकडं येत नाही.

उत्तर (निपाणी)

विडीवाल्या बायका ‘पान मिळालं नाही’ म्हणतात. ठेकेदारानं पान-तंबाखू दिली नाही की त्या आठवड्याला काम नाही. नोकरी गेली असं त्या म्हणत नाहीत, कारण नोकरी दिली असं त्यांना कुणी कधी म्हटलेलंच नाही.

साखर कारखान्याला ‘पट्टा पडला’ म्हणतात. गळीत हंगाम संपला, हंगामी कामगार घरी. धुराडं पेटलं की परत हजर. त्याला बेकार म्हटलं तर राग येतो, आणि यावा. मधल्या महिन्यांत त्याला रिटेन्शनचे पैसे असतात, म्हणजे कारखाना त्याला आपलाच धरतो.

उत्तर (खानापूर)

नोटीस कन्नडवरून मराठीत करताना सांभाळा, ओळखीचे शब्द फसवतात. कन्नडमध्ये ‘वजा’ म्हणजे बडतर्फ. आपल्याकडं वजा म्हणजे हिशेबातलं उणे. ‘अमानतु’ म्हणजे निलंबित. आपल्याला अमानत म्हटलं की ठेव आठवते. अमानतु झालेला माणूस चौकशीनंतर परत येऊ शकतो, वजा झालेला येत नाही. दोन शब्दांत केवढं अंतर!

‘निरुद्योगी’ तर आणखी बोचतो. कन्नडमध्ये उद्योग म्हणजे नोकरी, म्हणून निरुद्योगी म्हणजे साधा बेरोजगार. मराठीत निरुद्योगी म्हणजे रिकामटेकडा. कर्नाटक सरकारच्या युवानिधी योजनेत बेरोजगार पदवीधराला महिन्याला 3000 आणि डिप्लोमावाल्याला 1500 रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षं. तो अर्ज भरताना आमच्या गावातल्या एका मराठी शाळेतल्या पोरानं विचारलं, ‘काका, मी निरुद्योगी आहे असं मीच लिहून द्यायचं?’ त्याला शब्द समजावून सांगावा लागला. तालुक्यात असे बरेच असतील.

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव)

आणि ब्रेक? कंत्राटी पोरांना ‘ब्रेक दिलाय’ म्हणतात. तो ले-ऑफच का?

उत्तर (टिळकवाडी)

नाही. बारा महिन्यांत 240 दिवस भरले की सलग नोकरी धरली जाते आणि हक्क लागू होतात. ते दिवस भरू नयेत म्हणून मध्येच थांबवणं, याला ब्रेक म्हणतात. काम असतं, तरी थांबवतात. सुपरवायझर गेटवर सांगतो, ‘उद्यापासून नको येऊ, फोन करतो.’ त्याचा कागद नसतो. खाडा पुन्हा वेगळा, तो कामगारानं स्वतः पाडलेला. म्हणून ब्रेकच्या दिवसांवर हजेरीत ‘खाडा’ मांडला असेल तर लगेच हरकत घ्या. ती नोंद खोटी आहे.

वडगावच्या दादांचं म्हणणं मान्य, वेळ आणि कारण जोडायलाच हवं. नोटीस अशी करा: ‘ऑर्डर नसल्यामुळे खालील कामगारांना अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत तात्पुरते कामाविना ठेवण्यात येत आहे (ले-ऑफ). कोणाचीही नोकरी गेलेली नाही. नावे हजेरीपटावर कायम आहेत.’ बोलताना ‘बसवलंय’ म्हणा, कागदावर हे.

आणि खाली ठळक लिहा, की ठरलेल्या वेळी रोज एकदा गेटवर येऊन हजेरी लावायची. नाही लावली तर त्या दिवसाची भरपाई जाते. काम बंद म्हणून गावी गेलेल्यांना, आणि तो मोल्डिंगमधला चंदगडला गेला असेल तर त्यालाही, आजच कळवा.