कोरियन म्हण: पाट उपसा, खेकडा-झिंगा पकडा

‘एका दगडात दोन पक्षी’ या अर्थाच्या कोरियन म्हणींमध्ये ‘क्वाँग मॉक्को आल मॉक्को’ ही एक आहे. फेझंट पक्षी खाल्ला, अंडीही खाल्ली. मादी अंडी सोडून सहसा उठत नाही, त्यामुळे शिकाऱ्याला दोन्ही एकदम मिळतात, असं तिचं स्पष्टीकरण देतात.

मला मात्र याहून ‘तोरांग छिगो काजे चाप्को’ फार आवडते. तोरांग म्हणजे शेताकडेचा चर किंवा पाट, आणि काजे म्हणजे गोड्या पाण्यातला नांग्यावाला जीव, झिंग्याचा भाऊबंद. तो दगडांखाली दडून बसतो. पाट साफ करताना दगड उचलले, की पाणीही वाहतं होतं आणि रात्रीच्या कालवणाचीही सोय होते.

गंमत म्हणजे कोरियन शब्दकोशात या म्हणीचा दुसरा, अगदी उलटा अर्थही आहे: कामाचा क्रम चुकल्यामुळे मेहनत वाया जाणं. पाट आधी उपसला तर दडायला दगडच उरत नाहीत, मग काजे कुठून मिळणार? आज बोलताना मात्र दुहेरी फायद्याचाच अर्थ जास्त ऐकू येतो.

याच अर्थाचा ‘इल्सॉक इजो’ हा कोरियन शब्दप्रयोग तर शब्दशः ‘एक दगड, दोन पक्षी’च, चिनी अक्षरांतून आलेला. पण चिखलात हात घातल्याचा वास त्याला नाही.